बारा पॉइंट सात सेंटिमीटर

माझ्या टेबलावर भंगारातून आणलेला एक स्टीअरिंग कॉलम पडलाय. दोन मोटारी अजून त्याला चिकटलेल्या. एक चाक वर-खाली करते, दुसरी मागे-पुढे. कंपनीत मी अशाच मोटारींचं सॉफ्टवेअर तपासतो. आई म्हणाली, "आता गाडीपण घरात आणायची का?"

१२ व्होल्टचा सप्लाय जोडला. तारा उलट्या केल्या की मोटार उलटी फिरते. ती एक लांब स्क्रू फिरवते आणि त्यावरचा नट सरकतो. टोकाला अडकली की करंट एकदम उसळतो. ती उसळी ओळखून वेळेत थांबायचं, हे आमच्या कोडचं मोठं काम.

ही हौस मूळची अमेरिकन. १९६१च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये गिअर पार्कमध्ये टाकला की चाक उजवीकडे सरकवता यायचं, म्हणजे उतरताना पोट आड येत नसे. १९६३मध्ये जनरल मोटर्सनं चाकाचा कोन बदलायची सोय दिली. मोटारी, मेमरी बटण वगैरे बरंच नंतर.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट ब्रोशरमध्ये नसायची. तेव्हाचा कॉलम म्हणजे गाडीच्या नाकापासून ड्रायव्हरच्या छातीपर्यंत गेलेली अखंड सळई. समोरून धडक बसली की नाक मागे यायचं आणि सळई भाल्यासारखी आत. राल्फ नेडर यांनी १९६५च्या पुस्तकात यावर बोट ठेवलं. १९६७च्या मॉडेल्समध्ये जनरल मोटर्सनं जाळीदार, चेपणारा कॉलम आणला. १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत नियमच झाला: ताशी ४८ किलोमीटरनं भिंतीवर आदळल्यावर कॉलम १२.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये.

१२.७. मी पट्टी घेऊन छातीपुढे धरून बघितली. आमचे मोठे काका एका जुन्या गाडीतून झाडावर आदळले होते. तीन बरगड्या मोडल्या. अजून थंडीत खोकताना छाती धरतात. त्यांनी कधी कॉलमला दोष दिला नाही, झाडालाच शिव्या घालतात.

गेल्या शुक्रवारी मी एक बग नोंदवला होता. वेगाचा सिग्नल तुटला तर आमचा कोड वेग शून्य समजतो. गाडी उभी आहे असं धरून मेमरी बटणाला चाक हलवू देतो, मग गाडी ८०नं का पळत असेना. सीनिअर म्हणाले, "कम्फर्ट फीचर आहे रे, सेफ्टी नाही. लो प्रायॉरिटी टाक." मीही टाकली. रिलीज सोमवारी होतं, आणि मला घरी जायचं होतं.

टेबलावरच्या कॉलमच्या पोझिशन सेन्सरची वायर उपटून बघितली. माझ्या छोट्या प्रोग्रामला वाटलं, चाक अजून पोचलंच नाही. मोटार ढकलत राहिली. मी सप्लाय बंद केला तेव्हा कुठे गुरगुर थांबली.

रविवारी रात्री अकराला बग पुन्हा उघडला, प्रायॉरिटी हाय केली. दोन मिनिटांत सीनिअरांचा फोन. "झोपला नाहीस का अजून?"

"नाही," म्हटलं. "सर, एक पट्टी घ्या हातात."