वाळवंटांतील टोमॅटो

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोना प्रांतांतील सखल वाळवंटांत, उन्हाळा तापूं लागला म्हणजे टोमॅटोच्या वाफ्यांत एक चमत्कारिक दृश्य दिसतें. झाडें तजेलदार असतात, पिवळीं फुलेंही भरपूर येतात. परंतु तीं देठापासून गळून पडतात आणि फळ धरत नाहीं. पाणी वाढविलें, खत घातलें, तरी निष्पत्ति तीच. कष्टांत कसूर नसतां पदरीं निराशा कां यावी?

या कोड्याचा उलगडा टोमॅटोच्या पूर्वेतिहासांत आहे. त्याचें माहेर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा व अँडीज पर्वताचे उतार. त्याचे कांहीं रानटी भाऊबंद पेरू व चिली देशांच्या रुक्ष किनाऱ्यावर आजही तग धरून आहेत. फळ मात्र त्यांचें अगदीं लहान. मेक्सिकोंतील लोकांनीं टोमॅटो बागेंत वाढविला. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. पुढें बागवानांनीं मोठ्या, मांसल फळांची निवड केली. पण ती बहुतांशीं सौम्य हवेच्या मुलखांत. फळ थोर झालें, काटकपणा मात्र उणावला.

फुलगळीचा दोष दिवसाच्या उन्हाला देणें साहजिक आहे. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथें फ्रिट्स वेन्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञानें केलेल्या व १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं या प्रश्नावर निराळा प्रकाश पाडला. त्यानें झाडांना दिवसा व रात्रीं निरनिराळ्या उष्णमानांत ठेवून पाहिलें. रात्रीचें उष्णमान १५ ते २० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असतां फळें विपुल धरलीं. तें फार उतरलें वा फार चढलें कीं धारणा खुंटली. अति उष्णतेनें फूल उमलण्यापूर्वींच त्यांतील पराग निःसत्त्व होतात, हें पुढील संशोधनानें स्पष्ट केलें. फिनिक्स शहरांत जुलै महिन्यांत दिवसाचें उष्णमान ४० अंशांपलीकडे जातें आणि रात्रींही तें २५ अंशांखालीं क्वचितच उतरतें. तेथें पाण्यानें झाड जगेल, पण फूल टिकणार नाहीं.

म्हणून वाळवंटांत जातीची निवड ही वस्तुतः काळाची निवड ठरते. कडाक्याची थंडी सरतांच, फेब्रुवारी-मार्चमध्यें, रोपें लावावीं लागतात. आणि रात्री तापण्यापूर्वीं फळ धरावें लागतें. ‘बीफस्टेक’सारखी मोठ्या फळाची उशिरा येणारी जात या शर्यतींत मागें पडते. ‘अर्ली गर्ल’सारखी लवकर येणारी जात वेळ साधते, आणि बोराएवढ्या फळांच्या जाती उष्म्यांतही कांहीं काळ अधिक फळें धरतात. दाट पालवीही पाहावी लागते. नाहीं तर उघड्या फळांवर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात.

उष्णतेखेरीज आणखी एक शत्रु आहे. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणुरोगानें पानें वळून पिवळीं पडतात आणि झाड खुरटतें. त्याला तोंड देणारी ‘रोझा’ ही जात वॉशिंग्टन राज्यांतील प्रॉसर येथें १९७० च्या सुमारास तयार झाली. १९८९ सालीं फ्लॉरिडांत उष्ण रात्रीं फळ धरणारी ‘सोलर सेट’ जात प्रसृत झाली. पण ती दमट प्रदेशाची लेक, कोरड्या वाऱ्यांत तिची परीक्षा निराळी. भारतांतही दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेनें ‘पुसा सदाबहार’ जात याच हेतूनें सिद्ध केली.

या साऱ्या इतिहासाचें सार एवढेंच, कीं भूमीला आपल्या आवडीचें फळ द्यावयास लावणें सोपें नाहीं. मोठ्या फळाचा मोह आवरून जो माळी लहान फळावर समाधान मानतो, त्याचीच टोपली जूनच्या झळांपूर्वीं भरते.