अंसफलक
दुकानाच्या दारावर टांगलेला फलक आणि पाठीवर दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर निजलेले ते चपटे, त्रिकोणी हाड यांचे नाव एकच असावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटले, तरी ‘अंस’ म्हणजे खांदा आणि ‘फलक’ म्हणजे फळी, असा विग्रह केला की ते सहज पटते. सुश्रुताने हे स्थान 107 मर्मांत गणले असून येथील आघाताने बाहू बधिर होतो व सुकतो, असे तो सांगतो. रयतेच्या वहिवाटीत मात्र ‘स्कंधा’चा ‘खांदा’ झाला, आणि या हाडाला ‘खांद्याचे पाते’ म्हणू लागले. मला तेच अधिक रुचते. कारण हात उचलताच हे हाड बरगड्यांवरून सरकते, आणि फळी बिचारी जागची हलत नाही.