संघटनात्मक परिवर्तन आणि वैविध्य : स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या संदर्भात मराठवाडा

प्रस्तावना :
संघटनेतील परिवर्तनाचा विचार बहुधा भांडवल, कायदा आणि व्यवस्थापन यांच्या अंगाने केला जातो. तथापि संघटनेची स्वतःची एक कार्यसंस्कृती असते व ती भाषा, प्रदेश आणि परस्परविश्वास यांतून घडते. प्रस्तुत लेखात १९५६ व २०१७ या दोन स्थित्यंतरांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

संस्थानी पार्श्वभूमी :
निजामी राजवटीत १९४१ च्या कायद्यान्वये हैदराबाद स्टेट बँकेची स्थापना झाली. संस्थानाच्या उस्मानिया सिक्क्याचे व्यवस्थापन हे तिचे प्रमुख कार्य होते. प्रशासनाची भाषा उर्दू, तर प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी व कन्नड, असे संस्थानाचे स्वरूप होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढे हाली सिक्का मागे पडून भारतीय चलन रूढ झाले. सात हाली रुपयांस सहा 'कलदार' हा हिशेब त्या काळातील व्यवहाराचा भाग होता.

१९५६ : प्रदेश विभागला, संस्था अखंड राहिली :
ऑक्टोबर १९५६ मध्ये या बँकेचे 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' असे नामांतर झाले आणि १ नोव्हेंबर रोजी हैदराबाद राज्यच संपुष्टात आले. मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. सीमा जिल्ह्यांच्या आतूनही गेल्या. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके इकडे आले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा हा भाग आंध्र प्रदेशात गेला. बँकेचे मुख्यालय मात्र हैदराबादेतच राहिले. राज्याचे तीन तुकडे झाले तरी त्या राज्याचे नाव धारण करणारी बँक तीन राज्यांत कार्यरत राहिली. नांदेड-लातूर परिसरात शेतजमिनीचे जुने महसुली दस्तऐवज वाचावयाचे तर उर्दू शब्द परिचयाचे हवेत, आणि खातेदाराशी बोलावयाचे तर मराठी हवी. येथे वैविध्य हा धोरणाचा विषय नसून दैनंदिन कामकाजाची अट होती.

२०१७ : प्रदेश तोच, संस्था विलीन :
१ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक यांचे भारतीय स्टेट बँकेत विलीनीकरण झाले. तत्पूर्वी २९ जुलै २०१६ रोजी बँक कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला होता. हा विरोध केवळ भावनिक मानणे योग्य होणार नाही. सेवाज्येष्ठता, पदोन्नती, बदली आणि शाखांचे एकत्रीकरण या बाबी कर्मचाऱ्यांच्या जीवनाशी निगडित होत्या. महिलांसाठी २०१३ मध्ये स्थापन झालेली बँकही याच प्रक्रियेत विसर्जित झाली, ही बाबही लक्षणीय आहे. विलीनीकरणामुळे मोठे भांडवल व समान तंत्रज्ञान यांचा लाभ मिळतो, हे नाकारता येत नाही. परंतु एकरूपतेच्या प्रक्रियेत स्थानिक जाणकारीला ताळेबंदात स्थान नसते.

समारोप :
१९५६ मध्ये राज्य गेले पण संस्था राहिली. २०१७ मध्ये प्रदेश कायम राहिला पण संस्था गेली. पहिल्या स्थित्यंतरात बहुभाषिकता संस्थेच्या आत टिकून राहिली. दुसऱ्यात तिला अखिल भारतीय रचनेत स्वतःची जागा शोधावी लागली. नामफलक एका रात्रीत बदलता येतो. मोंढ्यातील व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा विश्वास मात्र त्यांची भाषा व परिस्थिती जाणणाऱ्या माणसांमार्फतच नव्या संस्थेकडे येतो. म्हणून कोणत्याही विलीनीकरणाचे मूल्यमापन करताना या माणसांचे काय झाले, हा प्रश्न आर्थिक निकषांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.