क्वासारच्या प्रतिमांवरून विश्वाचा प्रसरणवेग कसा मोजतात?

दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाते. वेग आणि अंतर यांच्या या गुणोत्तरास ‘हबल स्थिरांक’ म्हणतात. वेग वर्णपटावरून कळतो. अडचण असते ती अंतर मोजण्याची. त्यावर नॉर्वेचे स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ साली एक उपाय सुचविला.

क्वासार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र. त्याच्या आणि आपल्या मध्ये एखादी मोठी दीर्घिका आल्यास तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशकिरण वळतात आणि एकाच क्वासारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. हेच ‘गुरुत्वीय भिंग’. कोल्हापूरहून एकाच वेळी निघालेल्या दोन एसटी गाड्यांपैकी एक संकेश्वरमार्गे आणि दुसरी लांबच्या वाटेने गेल्यास त्या गडहिंग्लजला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. तसेच येथे घडते. क्वासारचे तेज बदलले की तो बदल एका प्रतिमेत आधी, तर दुसरीत काही दिवसांनी दिसतो. प्रतिमांमधील कोनांवरून मार्गांचे केवळ प्रमाण समजते. विलंबामुळे मात्र प्रत्यक्ष अंतर काढता येते.

असा पहिला जुळा क्वासार १९७९ साली सापडला. त्याच्या प्रतिमांमधील सुमारे ४१७ दिवसांचा विलंब निश्चित होण्यास १९९७ साल उजाडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह व के. सुब्रमण्यन यांनी १९८०च्या दशकात अशा भिंगांची गणिती प्रारूपे तयार केली. पुढे लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीचाही अशा निरीक्षणांत उपयोग झाला. तेथील व अन्य वेधशाळांतील नोंदींवरून २०१३ साली एका जुळ्या क्वासारचा विलंब सुमारे ११९ दिवस निघाला.

सहा भिंगांच्या अभ्यासातून २०१९ साली हबल स्थिरांक ७३.३ आला. म्हणजे दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) सेकंदाला ७३.३ किलोमीटर. प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून मात्र हा आकडा ६७.४ येतो. ही तफावत खरी असेल, तर विश्वाच्या प्रचलित प्रारूपातच काही उणीव असली पाहिजे. तथापि भिंगदीर्घिकेतील वस्तुमान, विशेषतः अदृश्य कृष्णद्रव्य, कसे पसरले आहे यासंबंधीची गृहीतके सैल केली, की उत्तरातील अनिश्चितता वाढते आणि दोन्ही आकडे तीत सामावू शकतात, असे २०२० साली दिसून आले. म्हणूनच अधिकाधिक भिंगे शोधून त्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करणे, हाच या वादाचा निकाल लावण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे.