पोटखराब्यातले मांसाहारी

व्हीनस फ्लायट्रॅपला चीज मानवत नाही, हे १८६० च्या दशकातच कळलेलं आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्यम कॅनबी नावाचे एक हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्याकडच्या झाडाला माश्या दिल्या, गोमांस दिलं आणि चीजही देऊन पाहिलं. मांस पचलं. चीज दिलेलं पान काळं पडून मेलं. डार्विननं आपल्या पुस्तकात हे नोंदवून ठेवलं. तरी चिपळूण तालुक्यातल्या आमच्या अलोऱ्यात फ्लायट्रॅपला पनीर भरवलं जातंच.

मी कोळकेवाडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. कुंड्यांचा नाद जुना, त्यामुळे झाड आजारी पडलं की पोरं आमच्या ओट्यावर येतात. पूर्वी गुलाब नाहीतर क्रोटन घेऊन यायची, हल्ली ऑनलाइन मागवलेला फ्लायट्रॅप येतो. ‘काका, हा तोंडच उघडत नाही.’ काय भरवलंत म्हणून विचारावं, तर उत्तर भात, पनीर, मॅगीचा तुकडा. एकीच्या आजीनं तर नैवेद्यातली साखर ठेवली होती. भरवायची हौस अशी की उपाशी राहण्याची मुभा झाडाला नाहीच.

ही हौस आजची मात्र नव्हे. या झाडाचा लेखी इतिहास जवळजवळ सगळा त्याला काहीतरी भरवून पाहण्याचाच इतिहास आहे.

आर्थर डॉब्स हा आयरिश माणूस नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर होता. २ एप्रिल १७५९ ला त्यानं लंडनच्या पीटर कॉलिन्सनला पत्र लिहून माशी पकडणाऱ्या एका झाडाची खबर दिली. कॉलिन्सन कापडाचा व्यापारी, नाद झाडांचा. जिवंत रोपं लंडनला पोचायला मात्र १७६८ उजाडलं, ती विल्यम यंग यानं नेली. त्याच वर्षी जॉन एलिस या दुसऱ्या कापडवाल्यानं त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि स्वीडनला लिनिअसकडे वर्णन पाठवलं. एलिसचं म्हणणं स्पष्ट होतं: हे झाड किडे खातं. पानाच्या आतले तीन-तीन बारीक केस म्हणजे किड्याला भोसकणारे काटे, असं त्याला वाटलं. ते चुकलं, पण मूळ मुद्दा त्यानं बरोबर धरला होता. लिनिअसला तो पटला नाही. किडा धडपडायचा थांबला की पान त्याला सोडून देतं, असं त्याचं मत. वनस्पतीनं प्राण्याला खाणं त्याच्या जगाच्या मांडणीत बसत नव्हतं. मोठ्या माणसाचं मत म्हणून ते बराच काळ चाललं.

ते मोडलं भरवणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या किंग्ज रोडवर नाइट नावाचा नर्सरीवाला होता. त्यानं एका झाडाच्या पानांवर कच्च्या गोमांसाचे बारीक तंतू ठेवले आणि ते झाड बाकीच्यांपेक्षा जोमानं वाढलं. १८३४ मध्ये मोझेस कर्टिस यानं खुद्द विल्मिंग्टनजवळ, म्हणजे या झाडाच्या माहेरी, मिटलेल्या पानात चिकट रस सुटतो आणि किडा त्यात विरघळतो हे लिहिलं. पृथ्वीच्या पाठीवर हे झाड रानात उगवतं ते फक्त त्या विल्मिंग्टनच्या आसपास शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत. तिथल्या रानातून ते चोरून उपटणं १ डिसेंबर २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे. आपल्याकडे येतात ती बहुतेक प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं.

डार्विनची सुरुवात मात्र फ्लायट्रॅपपासून नव्हे, ड्रॉसेरापासून झाली. १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या माळावर फिरताना त्याला त्या चिमुकल्या झाडाच्या पानांवर खूपसे किडे चिकटलेले दिसले. आदल्याच वर्षी त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघालेलं, सगळीकडे वाद पेटलेला, आणि हा गृहस्थ पानांवर मांस, दूध, अंड्याचा पांढरा बलक, केस, काचेचे कण ठेवत बसलेला. जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला सध्या ड्रॉसेराची जास्त काळजी आहे, अशा अर्थाचं त्यानं मित्राला लिहिलं. पंधरा वर्षांनी, १८७५ मध्ये, कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक आलं. हे सगळं घरच्या घरी, कुंड्या आणि बश्यांत. फ्लायट्रॅपच्या माहेरचं काम त्यानं पत्रांवर उरकलं. कॅनबीनं त्याला किडे आपोआप सापडलेली १४ पानं पाठवली, त्यांतल्या दहांत किडे चांगले मोठे होते. त्यावरून डार्विननं ताडलं की पान सुरुवातीला पूर्ण मिटत नाही. कडेच्या दातऱ्यांतल्या फटींतून चिलटासारखं बारीक काही असेल तर निसटू देतं. चिमूटभर खाण्यासाठी आठवडाभर दुकान बंद कोण ठेवणार?

न्यू जर्सीच्या व्हाइनलँडमध्ये राहणाऱ्या मेरी ट्रीट यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या बाईंनी निसर्गावर लेख लिहून पोट चालवलं. त्यांनी डार्विनला कळवलं की एकेका पानानं लागोपाठ तीन-तीन किडे पकडले, पण बहुतेकांना तिसरा पचला नाही, पानच मेलं. पोरांना मी हेच सांगतो. उगाच काडी घालून मिटवू नका, त्याची मिटायची कुवत मोजकी असते.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. १८७३ मध्ये डार्विनच्या सांगण्यावरून जॉन बर्डन-सँडरसन या वैद्यानं फ्लायट्रॅपच्या पानाला तारा लावल्या आणि केसाला हात लावल्याबरोबर विजेची लहर उठते हे दाखवलं. ज्यानं आयुष्यभर रिले आणि ब्रेकर सांभाळले, त्याला हे वाचून वेगळाच आनंद होतो. कारण हे पान पहिल्या स्पर्शाला मिटत नाही. एखादा पावसाचा थेंब, वाऱ्यानं आलेला पाचोळा, कशानंही केस हलू शकतो. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच ते मिटतं, आणि मग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. म्हणजे खोट्या ट्रिपिंगचा बंदोबस्त आधीच केलेला. पुढचा हिशेब जर्मनीत वुर्झबुर्गच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला: आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि केसांना पाचएक धक्के बसले की मगच पान पाचकरस बनवायला घेतं. धडपड नाही तर रस नाही. म्हणून मेलेली माशी घातली तर मिटलेलं पान बाहेरून दोन बोटांत हलकेच चोळावं लागतं. नुसती टाकून ठेवलेली माशी पान एक-दोन दिवसांत उघडून परत करतं, आणि पोरं ‘आवडली नाही’ म्हणून दुसरं काही शोधायला जातात.

माशीही पानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी नको. मोठी असली तर पाय बाहेर राहतात, कडा जुळत नाहीत, रस गळतो आणि सगळंच कुजतं. दोन-तीन आठवड्यांतून एखाद्या पानाला एक किडा पुष्कळ. कुंडी बाहेर उन्हात असेल तर तेवढंही नको. मे-जूनमध्ये फणसाचे गरे सोलायला बसलं की माश्यांचा पुरवठा आमच्याकडे घाऊक असतो.

खरी काळजी खाण्याची नसून पाण्याची. या झाडाला क्षारांचं वावडं. शेणखत, गांडूळखत, युरिया यांतलं काहीही घातलं की मुळं जळतात. शहरातले लोक डिस्टिल्ड पाणी विकत आणतात. आमच्याकडे चार महिने पागोळ्यांखाली बादली ठेवली की झालं. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर कोयनानगरला त्याहूनही जास्त. झाकणाचं एक पिंप भरून ठेवावं, मे अखेरपर्यंत पुरतं. कुंडी प्लास्टिकची, मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात. खाली बशीत बोटभर पाणी. कोकोपीट कोकणातलंच, घरचा माल, पण खाऱ्या पाण्यात मुरलेल्या सोडणांचं असेल तर चार-पाच पाण्यांतून धुवून पिळून घ्यावं. खारटपणा राहिला तर तक्रार कुणाकडे न्यायची?

आमच्याकडे नाही ती थंडी. कॅरोलायनात हे झाड तीन-चार महिने झोपतं. अलोऱ्यात डिसेंबरात पहाटे शाल लागते, तेवढ्यानं त्याची झोप होत नाही. झोपेविना दोन-तीन वर्षं तगतं, मग खंगतं. उपाय एकच: कंद धुवून ओल्या मॉसमध्ये गुंडाळायचा आणि डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. शेजारी कोथिंबीर. घरातल्यांची समजूत आपापली काढावी. माझ्या बायकोनं डब्यावर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावली आहे. झाड विषारी नाही, पण चिठ्ठीमुळे वाचलं.

एवढ्या लांबच्या झाडाचे एवढे लाड चालू असताना दरवर्षी एक गंमत मनात येते. कुंभार्ली घाटापासून गुहागरपर्यंत जांभ्याचे सडे पसरलेले आहेत. पाऊस लागला की त्यांवर दवबिंदू उगवतो, म्हणजे डार्विनच्याच ड्रॉसेराची आपल्याकडची भावंडं. एक जमिनीला चिकटून असतो, रुपयाएवढ्या लाल चक्रीसारखा. दुसरा वीतभर उंच, सुतळीच्या धाग्याएवढ्या पानांचा. उकिडवं बसून पाहावं. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला एक थेंब, पाऊस थांबून ऊन पडलं तरी न वाळणारा. चिलट त्याला टेकतं, पाय सोडवायला दुसरा पाय टेकवतं, तोही अडकतो. चक्रीवाल्याचे कडेचे लांब केस काही सेकंदांतच वाकून त्याला मधोमध आणतात. श्रावण चालू असतो, खाणं नाही थांबत.

त्याच्याच शेजारी ओल्या मातीत सीतेची आसवं. भाद्रपदाच्या सुमारास सडा जांभळा करून टाकणारी ही फुलं सगळ्यांना ठाऊक. कासला तर लोक तिकीट काढून बघायला जातात. हीच झाडं मातीखाली किडे धरतात हे थोड्यांना माहीत असतं. मुळांच्या जागी असलेल्या धाग्यांवर मोहरीहून लहान पिशव्या. पिशवी आतलं पाणी हळूहळू बाहेर काढते, आत दाब कमी होतो, दार बंद. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार आत ढकललं जातं आणि पाणी त्याला घेऊन आत घुसतं, सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात १३ मार्च १९९९ ला शिवाजीसागराच्या तळाशी सुरुंग लावून लेक टॅपिंग केलं, खडकाचं शेवटचं बूच उडालं आणि जलाशय बोगद्यात शिरला. ते काम समजावून सांगताना मी या पिशवीचं उदाहरण देतो, आणि पिशवी समजावताना त्या कामाचं.

सड्यावरच्या या झाडांची नोंद कुणी केली तेही पाहण्यासारखं आहे. सीतेच्या आसवांतल्या एका जातीला नाव दिलं जॉन ग्रॅहमनं, १८३९ च्या आपल्या मुंबई परिसरातल्या झाडांच्या यादीत. ग्रॅहम टपालखात्यातला अधिकारी. ती यादी पुरती छापून होण्याआधीच तो खंडाळ्याला वारला. १८५१ मध्ये दुसऱ्या एका जातीचं वर्णन केलं निकोल डॅलझेलनं, तो कस्टम्समधला. १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिणारा थिओडोर कुक पेशानं इंजिनियर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य. पोस्ट, कस्टम्स आणि इंजिनियरिंग! काम मात्र चोख. आपली माणसं या कामात आली ती नंतर, पण आली ती जोरात. २००० साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातून याच कुळातली एक नवी जात नोंदवली आणि तिला भारतातल्या या झाडांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जनार्थनम यांचं नाव दिलं.

यांतल्या एकानंही ही झाडं घरी भरवून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ती वाळवून कागदावर चिकटवली गेली. कोकणातल्या माणसानंही ती कधी कुंडीत लावली नाहीत, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. जूनमध्ये उगवून ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळून जाणारं झाड पाळणार कसं? त्यांना लागते ती नापीक जागा. जांभ्यावरची बोटभर माती, तीही पावसानं धुवून निघालेली, नत्राचा पत्ता नाही. म्हणून तर मुळांनी मिळत नाही ते पानांनी मिळवायचं. सातबारावर या जागेला पोटखराबा म्हणतात. सरकारदरबारी तिचं उत्पन्न शून्य, त्यामुळे तिथे चिऱ्याची खाण काढायला किंवा सुरुंग लावून खड्डे पाडून, वरून माती आणून हापूस लावायला कुणाला वाईट वाटत नाही. आणलेल्या मातीत खत पडलं की दवबिंदू संपला. गवत त्याच्यावर चढतं आणि ऊन अडवतं.

गेल्या पावसात फ्लायट्रॅपवाल्या पोरांना सड्यावर नेलं. एकानं लगेच विचारलं, काका, हा उपटून नेऊ? नको म्हटलं, मुळं धाग्याएवढी, घरी पोचेपर्यंत मरेल. हवाच असेल तर पावसाळा सरला की ये, वाळलेली बोंडं कागदावर झटक, काळ्या भुकटीसारखं बी पडेल. धुतलेल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरव, वर माती घालू नकोस, पाणी खालून बशीत. त्यानं पुढचं विचारलं: आणि खायला काय घालू?