कौशल्यानुरूप सराव

खेळातील कौशल्याची जात ओळखून सरावाची रीत ठरवणे. भोवतालची स्थिती स्थिर असेल, तर कौशल्य ‘बंद’. प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीवर वेळ आणि दिशा ठरत असेल, तर ‘खुले’. ही विभागणी ई. सी. पोल्टन यांनी १९५७ मध्ये कारखान्यातील कामांसाठी मांडली आणि बार्बरा नॅप यांनी १९६३ मध्ये ती खेळात आणली.

खानदेशात कॅरम आणि कुस्ती ही तिची दोन टोके. कॅरमची पहिली फोड बंद कौशल्यात मोडते. सोंगट्यांची मांडणी ठरलेली असल्याने तोच फटका शेकडो वेळा मारण्यात फायदा आहे. फोड झाल्यावर मात्र पट दरवेळी निराळा, म्हणून कट आणि रिबाउंड आलटूनपालटून घोटावे लागतात. शिया व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात सरमिसळ सराव करणारे सुरुवातीला मागे दिसले; पुढे शिकलेले त्यांच्याच अधिक लक्षात राहिले. सरावात चांगला दिसणारा मुलगा चांगला शिकलेला असतोच असे नाही, हे प्रशिक्षकांना पटायला जड जाते.

कुस्ती खुली. जोर-बैठकांनी अंग तयार होते, डाव येत नाही. एकेरी पटात शिरणे, पाय धरणे आणि पाडणे सुटे करून शिकवता येते. ढाक मात्र एका झपाट्यात लागते. तिचे तुकडे पाडले तर हाती डाव उरत नाही. पकड बसली की वस्तादाने जोड बदलत राहावी: उंच, बुटका, डावखुरा.

खो-खोत पोल डाइव्हची, म्हणजे खांब धरून झेपावण्याची, उडी आधी एकट्याने शिकावी, पण फार काळ नाही. आक्रमकाला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, बचावपटूला ती मुभा असते. त्यामुळे समोर पळणारा नसेल, तर तो सराव निव्वळ कसरत ठरतो. अनेक शाळांच्या मैदानांवर नेमके तेच चालते.

चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे कुस्तीतील महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. या स्पर्धेत माती आणि गादी असे वेगळे विभाग असून अंतिम लढत दोन्हींच्या विजेत्यांत गादीवर होते. जत्रेतील निकाली कुस्ती चीतपटीवर संपते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात. गावच्या मातीच्या हौद्यात घडलेल्या मल्लाला म्हणून गादीचा सराव वेगळा करावाच लागतो.