विळा-कोयता : लोहाराकडून घडवून घ्यावा की कारखान्यातला घ्यावा?

नेसरी आणि आसपासच्या गडहिंग्लज, चंदगड, आजरा पट्ट्यात एकाच शेतकऱ्याकडे भात, नाचणी, भुईमूग आणि ऊस अशी पिके असतात. त्यामुळे घरात दोन-तीन विळे, दोन कोयते आणि चार-पाच खुरपी असतातच. बियाणे आणि खत घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. कोयता मात्र बाजारात समोर दिसेल तो उचलतो. या लेखात कोणत्या कामाला कारखान्यातला विळा चांगला, कोणत्या कामाला लोहाराने घडवलेला कोयता चांगला आणि घडवून घेताना काय पाहावे, याची माहिती दिली आहे.

सुरुवातीला माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी भाताच्या कापणीसाठी दातेरी विळ्याची शिफारस करत होतो. ती योग्यच होती. पण त्याच ओघात "लोहाराकडे फेऱ्या मारण्यापेक्षा कोयतासुद्धा दुकानातलाच तयार घ्या" असेही सांगून बसलो. पुढच्या हंगामात एका शेतकऱ्याने मला खोडव्याच्या रानात नेले. म्हणाला, "साहेब, तुमचा विळा भाताला झक्क चालला, पण ह्या कोयत्याचं काय खरं नाही." बुडखे चिरलेले होते, काही जमिनीपासून चार बोटे वर राहिले होते आणि फुटवे विरळ होते. कोयत्याची धार दुपारपर्यंतही टिकत नव्हती. तेव्हापासून मी अवजाराचा सल्ला कामाप्रमाणे वेगळा देतो.

भात, नाचणी, गवत : दातेरी विळा

भाताचा चूड बारीक आणि मऊ असतो. दातेरी विळ्याने तो मुठीत धरून ओढत कापायचा असतो, घाव घालायचा नसतो. सारखे, बारीक दात पाडण्याचे काम यंत्रावर चांगले होते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेला 'नवीन' विळा याच प्रकारातला आहे. तो हलका असल्याने मनगटावर ताण कमी येतो आणि कापताना झटका न बसल्याने पिकलेल्या लोंब्यांतले दाणे कमी गळतात. कापणी बहुतेक घरांत बायका करतात, त्यामुळे वजनातला हा फरक महत्त्वाचा आहे.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. दात बोथट झाल्यावर ते बांधावर बसून पाजवता येत नाहीत. दुसरे म्हणजे बहुतेक विळ्यांचे दात एकाच बाजूने, उजव्या हाताच्या हिशोबाने पाडलेले असतात. घरात कोणी डावखुरे असेल, तर त्यांच्यासाठी विळा लोहाराकडून घडवून घेणेच सोयीचे.

ऊस : घडवलेला कोयता

ऊसतोडीत घाव घालावा लागतो. उसाची साल कठीण, खाली माती आणि मधूनमधून खडा. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते. खोडव्याचे फुटवेही जमिनीखालच्या डोळ्यांतून आले तर जोमदार येतात. बोथट किंवा हलक्या कोयत्याने एका घावात ऊस तुटत नाही. बुडखा चिरतो, चिरेत पाणी शिरते, बुरशी लागते आणि फुटवा मागे-पुढे होतो. म्हणजे कोयता घेताना वाचवलेले पैसे खोडव्यात जातात.

लागणीसाठी बेणे तोडतानाही हेच. दोन डोळ्यांची टिपरी एका घावात, न फुटता निघाली पाहिजे. फुटलेल्या टोकातून कुजवणारी बुरशी आत जाते.

लोहाराचा कोयता इथे तीन कारणांनी सरस ठरतो. पाते जाड-बारीक, वजन कमी-जास्त तुमच्या हाताप्रमाणे करून मिळते. झिजल्यावर तोच कोयता शेवटून घेता येतो. आणि काही बिघडले तर ज्याने घडवला त्यालाच जाऊन विचारता येते.

पोलाद कसले आहे ते विचारा

हाताने घडवले म्हणजे चांगलेच, असे नाही. बांधकामाच्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन कमी असतो. ती कितीही ठोकली आणि कितीही वेळा पाण्यात बुडवली तरी पुरेशी कडक होत नाही. कोयत्यासाठी बहुतेक लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद वापरतात. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे धार धरते आणि घावही सोसते. मात्र पाटा जुना असल्याने त्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा आणि गंजून खड्डे पडलेला तुकडा नको, असे आधीच सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे 'पाणी'. पाते लालबुंद तापवून विझवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून नंतर पुन्हा मंद आचेवर थोडे तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. त्या वेळी घासून चकचकीत केलेल्या धारेवर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि निळा रंग चढत जातो. घावाच्या अवजाराला तपकिरी-जांभळ्याच्या आसपास थांबणे योग्य. अनुभवी लोहार हे नजरेने ओळखतो. त्याला घाई करू नका.

घेताना करायच्या तपासण्या

- धारेवर हलक्या हाताने कानस फिरवा. लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते मऊ आहे. थोडी अडखळत, थोडे खात गेली तर ठीक. नुसतीच घसरली तर पाते फार कडक असून तुकडा उडण्याचा संभव असतो.
- धार पितळी दांडीवर टेकवून जरा दाबा. धार किंचित वाकून परत सरळ झाली पाहिजे. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. ही तपासणी लोहारासमोरच करा.
- पाते उन्हात तिरके धरून दोन्ही बाजूंनी चिरा पाहा.
- मूठ वाळलेल्या बाभळीसारख्या चिवट लाकडाची असावी, जाडी साधारण ३ ते ३.५ सें.मी. मूठ आवळल्यावर अंगठा बोटांवर टेकला पाहिजे.
- मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट हवी. सुटलेले पाते शेजारच्या माणसाला लागते.

घडवून घेताना काय सांगावे

जो वापरणार त्यालाच बरोबर न्या. तोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, पण दोघांचा हात सारखा नसतो. आवडता जुना कोयता असेल तर नमुना म्हणून न्या आणि त्यात काय खटकते ते सांगा : "दादा, हा टोकाकडं जड पडतोय" किंवा "मूठ हातात फिरतेय". काम ऊसतोडीचे, बेणे तोडायचे की काजूच्या बागेतल्या झाडोऱ्याचे, हेही स्पष्ट सांगा. भुईमुगाच्या भांगलणीचे खुरपेसुद्धा असेच हातावर बेतून घ्यावे.

निगा

- रोज काम संपल्यावर उसाचा रस धुऊन पाते पुसा आणि तेलाचा हात द्या. आंबट रसाने धार गंजते.
- धार कानशीने किंवा दगडावर पाणी घालून लावा. कोरड्या ग्राइंडरवर धार निळी पडली की तिथले पाणी उतरले असे समजा.
- उसातील रॅटून स्टंटिंग रोग (खोडवा खुजा राहणे) कोयत्याला लागलेल्या रसातून पसरतो. एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाताना आणि बेणे तोडण्याआधी पाते धुऊन जंतुनाशक द्रावणात किंवा उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवा. चुलीत किंवा जाळावर धरू नका, धार मऊ पडते.
- तोडीनंतर वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून त्यांवर कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात फवारा.

खर्चाचा हिशोब

घडवलेला कोयता घेताना महाग वाटतो. पण किंमत भागिले किती हंगाम चालला, असा हिशोब करा. त्यात कारखान्याच्या कोयत्यासाठी दर हंगामाची नवी खरेदी आणि घडवलेल्यासाठी शेवटण्याची मजुरी धरा. उरलेला मोठा आकडा खोडव्याच्या फुटव्यांचा आहे. तो स्वतःच्या रानात मोजून पाहा : एका सरीत नीट छाटलेले आणि चिरलेले बुडखे वेगळे मोजा आणि महिन्याने त्यांचे फुटवे मोजा.

बारा बलुतेदारांतला लोहार पूर्वी गावातच असे. आता भाता चालू असलेली दुकाने कमी राहिली आहेत आणि हंगाम तोंडावर आला की तिथे गर्दी होते. घाईत घडवलेल्या कोयत्याला पाणी नीट बसत नाही. म्हणून गणपती झाले की लोहाराला सांगून ठेवा. खंडेनवमीला अवजारे पूजेला काढाल तेव्हा नवा कोयता त्यांत असू द्या आणि जुन्यांपैकी कोणते शेवटायचे, कोणते भंगारात टाकायचे हे त्याच दिवशी ठरवा. भाताची कापणी आणि मागोमाग उसाची तोड सुरू होताना हातात तयार, तपासलेले अवजार असेल.